पाटात नाव का चालत नाही?

पांझरेच्या काठच्या एका गावात शिक्षकांसाठी दोन दिवसांचे विज्ञान शिबिर होते. तेथील एका फडाच्या पाटावर आम्ही पाण्याचा वेग मोजत होतो. साधने अगदी साधी होती. वीस मीटर अंतर मोजून काठावर दोन खुंट्या ठोकायच्या, वरच्या खुंटीच्या थोडे अलीकडे पाण्यात लिंबू टाकायचे आणि घड्याळ पाहायचे. लिंबूच का? ते तरंगते, पण जवळजवळ सगळे पाण्यात बुडून. त्यामुळे त्याला वारा ढकलत नाही, पाणीच नेते. पान किंवा कागदाची होडी टाकली तर आपण बऱ्याचदा वाऱ्याचा वेग मोजून बसतो.

शिक्षकांबरोबर अकरावीची काही मुलेही आली होती. आदल्या रात्री आम्ही त्यांना इंग्लंडमधील कालव्यांची काही चित्रे दाखवली होती. त्यांतली अरुंद, लांबलचक, रंगीत नॅरोबोट त्यांना फारच आवडलेली दिसली. कारण सकाळी पाटाच्या काठावर पहिला प्रश्न आला तो लिंबाचा नव्हताच. "सर, आपल्या पाटात तशी बोट का चालत नाही?"

"पाट अरुंद आहे म्हणून," असे उत्तर एका शिक्षकांनी लगेच दिले. ते खरे आहे. हा पाट सव्वा मीटरही रुंद नाही आणि नॅरोबोट दोन मीटरांहून थोडी अधिक रुंद असते. पण मुलगी हुशार होती. ती म्हणाली, "मग गिरणेचा कालवा तर मोठा आहे. त्यात तरी कुठे चालते?" येथे मात्र रुंदीचे उत्तर संपले. या प्रश्नात पदार्थविज्ञान आहे, भूगोल आहे आणि बराचसा इतिहासही आहे. तो प्रश्न आपण आज थोडा सावकाश सोडवू.

आधी त्या बोटीची गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी संशोधनाच्या निमित्ताने आम्ही दोघे इंग्लंडमध्ये होतो. एका मित्राने दिवसभरासाठी नॅरोबोट भाड्याने घेतली आणि आम्हालाही बोलावले. जागा वॉरिकशायरमधील लॅपवर्थ, कालवा स्ट्रॅटफर्डचा. बोट सतरा मीटर लांब, वजन सुमारे पंधरा टन. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी चार मैल, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाएवढी. काठाने कुत्रा घेऊन फिरायला निघालेले एक आजोबा आमच्या बरोबरीने बराच वेळ चालले आणि मग पुढे निघून गेले!

ही मर्यादा केवळ शिस्तीची बाब नाही. बोट पुढे सरकते तेव्हा तिच्यासमोरचे पाणी तिच्या बाजूंनी आणि खालून मागे जावे लागते. समुद्रात त्याला जागा भरपूर असते. उथळ, अरुंद कालव्यात फटच लहान, म्हणून तेथे पाणी जोराने मागे वाहते. वेग वाढला की बोटीभोवतीची पातळी खाली जाते आणि बोटीचा मागचा भाग तळाकडे बसू लागतो. आमच्या मित्राने एकदा घाईने इंजिनाचा वेग वाढवला. आवाज वाढला, काठावर लाटा आदळू लागल्या, बोट मात्र पुढे जायला तयार नव्हती. वेग कमी केला तेव्हा ती पुन्हा सुरळीत चालू लागली.

सकाळी निघून दुपारपर्यंत आम्ही जेमतेम मैल-दीड मैल गेलो असू. याचे कारण लॉक. लॉक म्हणजे पाण्याच्या जिन्याची एक पायरी. कालव्यातले पाणी जवळजवळ स्थिर असते आणि एका पातळीत असते. जमीन चढू लागली की कालवा पायरी चढतो. दोन पातळ्यांच्या मध्ये एक दगडी कोठी बांधलेली असते आणि तिला वर आणि खाली दारे असतात. बोट खालून कोठीत शिरते. मागचे दार लावायचे, मग वरच्या दाराशी असलेली झडप लोखंडी मूठ फिरवून उघडायची. वरचे पाणी कोठीत येते आणि पंधरा टनांची बोट कोणी न उचलता दोन मीटर वर येते. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की वरचे दार उघडून पुढे जायचे. या सगळ्यात पंपाचे काहीच काम नाही. काम करते ते गुरुत्वाकर्षण.

पातळी 'सारखी' झाली पाहिजे म्हणजे किती सारखी? आम्हाला घाई होती. बोटभर, फार तर वीतभर फरक उरला असेल, तेव्हाच आम्ही दार ढकलायला लागलो. दार हलेना. गणित सोपे आहे. दाराचा पाण्याखालचा भाग दोन मीटर खोल आणि दोन मीटरांहून थोडा अधिक रुंद, म्हणजे सुमारे ४.२ चौरस मीटर. दोन्हीकडच्या पातळीत फक्त १० सेंटीमीटर फरक असला तरी दारावर १० सेंटीमीटर जाडीच्या पाण्याच्या थराएवढा जास्तीचा भार येतो. ४.२ गुणिले ०.१ म्हणजे ०.४२ घनमीटर, अर्थात ४२० किलो. चार क्विंटलांहून अधिक! काठावरच्या एका बाईंनी हसून आम्हाला थांबायला सांगितले. मिनिटभराने तेच दार पाठ लावून ढकलताच सहज उघडले.

आता शिक्षकांसाठी एक कोडे. लॉकमधून बोट वर जाते तेव्हा आणि खाली येते तेव्हा वरच्या कालव्यातून सारखेच पाणी खर्च होते का? कोठी २२ मीटर लांब, २.१ मीटर रुंद आणि पातळीतला फरक २.५ मीटर धरला तर तिच्यात सुमारे ११५ घनमीटर पाणी भरावे लागते. शिबिरात जवळजवळ सगळ्यांनी 'सारखेच' असे उत्तर दिले. एकाने, बोट जागा अडवते म्हणून दोन्ही वेळा कमी लागेल, असे सांगितले. दोन्ही उत्तरे चुकली.

बोट खाली जाणार आहे असे समजू. रिकामी कोठी भरायला ११५ घनमीटर पाणी वरून घेतले. मग पंधरा टनांची बोट कोठीत शिरली. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे तिने पंधरा घनमीटर पाणी सारले, आणि ते परत वरच्या कालव्यात गेले. म्हणजे वरून प्रत्यक्षात १०० घनमीटरच गेले. बोट वर जाताना याच्या उलट घडते. ती खालून कोठीत शिरताना पंधरा घनमीटर पाणी खालच्या कालव्यात सारते. कोठी भरायला वरून ११५ घनमीटर लागतातच, कारण बोट तरंगतच वर येते. आणि ती वर बाहेर पडताना तिने सोडलेली जागा भरायला वरच्या कालव्यातून आणखी पंधरा घनमीटर कोठीत शिरतात. एकूण १३०. वजनदार माल उतारावर न्यायचा असेल तर पाणी वाचते, चढावर न्यायचा असेल तर जास्त लागते. पाटीवर आकृत्या काढून हे मुलांकडून करून घ्यावे. प्लवनाचा नियम पाठ असलेली मुलेसुद्धा येथे अडखळतात, आणि अडखळूनच तो नियम त्यांना कळतो.

पण मुद्दा खर्चाचा आहे. एका लॉकमधून एक बोट गेली की साधारण सव्वा लाख लिटर पाणी वरच्या पातळीवरून खाली जाते. ते नाहीसे होत नाही हे खरे, पण वर परतही येत नाही. म्हणून इंग्रजांनी कालव्याच्या सर्वांत उंच भागाशी जलाशय बांधले. लंडनहून बर्मिंगहॅमकडे जाणाऱ्या ग्रँड युनियन कालव्याला ट्रिंग येथील जलाशय पाणी पुरवतात ते याचसाठी.

हेच पाणी खानदेशाच्या भाषेत मोजू. शेताला एका वेळी साडेसात सेंटीमीटर पाणी द्यायचे धरले तर एका हेक्टरला ७५० घनमीटर लागतात. म्हणजे लॉकभर पाण्यात सुमारे पंधरा गुंठ्यांचे एक बारे होते. एक बोट एक पायरी चढली की पंधरा गुंठे. दहा पायऱ्या चढायच्या असतील तरी तेच पाणी पायरीपायरीने खाली येऊ शकते, पण दुसऱ्या बोटीला पुन्हा नवे पाणी लागणारच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंग्लंडात धो धो पाऊस पडतो आणि आपल्याकडे पडत नाही, असे आपण समजतो. लंडनला वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. धुळ्याचा आकडाही त्याच्या फार खाली नाही, आणि जळगावचा तर त्याहून थोडा वरच आहे. फरक आहे तो वाटणीचा. तेथे हा पाऊस बारा महिन्यांत थोडाथोडा येतो, येथे जूनपासून चार महिन्यांत आणि त्यातही मोजक्या दिवसांत. दुसरा फरक बाष्पीभवनाचा. तेथील उघड्या पाण्यातून वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण मीटर पाणी उडून जाते. खानदेशच्या उन्हात हाच आकडा दीड-दोन मीटरांवर जातो. पाणी कालव्यात स्थिर उभे करून ठेवणे आपल्याला परवडत नाही ते यामुळे. मुलांना घरी एका परातीत पाणी ठेवून एप्रिलमध्ये रोज पट्टीने मोजायला सांगा. फार बोलावे लागणार नाही.

आता आपल्या पाटाकडे येऊ. सतराव्या मीटरला गवतात अडकलेली लिंबे वगळून चार वेळा मोजणी केली. सरासरी वीस मीटरला ३२ सेकंद लागले. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६२ मीटर. तळाशी आणि काठाशी पाणी घर्षणामुळे मागे रेंगाळते, म्हणून ०.८५ ने गुणून सरासरी वेग ०.५३ मीटर घेतला. पाटाची रुंदी १.२ मीटर आणि सरासरी खोली अर्धा मीटर. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे ३२० लिटर पाणी येते. फडाच्या पाटांची वहनक्षमता साधारण ४५० लिटर सांगितली जाते, तेव्हा आमचा आकडा अगदीच अवाजवी नव्हता.

मग उतार मोजला. त्यासाठी गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी आणली. नळीच्या दोन टोकांतले पाणी नेहमी एका पातळीत राहते. दहा मीटर अंतरावर दोघांनी टोके धरायची आणि नळीतल्या पातळीपासून पाटातले पाणी किती खाली आहे ते दोन्हीकडे मोजायचे. वजाबाकी म्हणजे दहा मीटरमधला उतार. पहिल्याच मोजणीत तो उणे आला, म्हणजे पाटातले पाणी चढावर वाहत होते! नळीत हवेचा बुडबुडा राहिला होता. तो काढल्यावर दहा वेळा पुढे सरकत शंभर मीटर मोजले, तेव्हा एका गटाला ११ सेंटीमीटर आणि दुसऱ्या गटाला ९ सेंटीमीटर उतार मिळाला. किलोमीटरला साधारण एक मीटर. डोळ्यांना तो दिसतही नाही.

या एका मीटरमध्ये पाटाचे सगळे शास्त्र आहे. समजा, नदीचा उतार किलोमीटरला तीन मीटर आहे आणि पाटाचा एक मीटर. बंधाऱ्यापाशी दोघे एकाच पातळीवर निघाले. पाच किलोमीटर गेल्यावर नदी पंधरा मीटर खाली उतरलेली असते आणि पाट फक्त पाच. म्हणजे पाट नदीपेक्षा दहा मीटर उंच झाला. पाणी कोठेही चढले नाही, तरी ते नदीकाठच्या उंच शेतांच्या डोक्यावर येऊन पोचले. उतार याहून कमी ठेवला तर आणखी उंच जमीन भिजेल, पण पाणी मंदावून गाळ बसेल आणि पाट बुजेल. जास्त ठेवला तर पाणी तळ खणत जाईल आणि उंचीही वाया जाईल. तीनचारशे वर्षांपूर्वी पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांच्या काठी ज्यांनी हे पाट आखले त्यांच्याजवळ दुर्बिणीचे लेव्हल यंत्र नव्हते. पाणीच त्यांचे लेव्हल असणार असे आम्हाला वाटते. थोडे खणायचे, पाणी सोडून पाहायचे, पुन्हा खणायचे. आमच्या बुडबुड्याचा प्रकार आठवला की त्यांच्याबद्दलचा आदर वाढतो.

आता दोन्ही कालवे शेजारी ठेवून पाहा. दोघेही डोंगराच्या कडेने वळणे घेत जातात. १७६१ साली जेम्स ब्रिंडलीने वर्स्लीच्या खाणीतून मँचेस्टरला कोळसा नेण्यासाठी ब्रिजवॉटर कालवा काढला, तोही असाच समपातळी रेषेला धरून, आणि त्या टप्प्यात लॉक एकही नव्हते. घोडा गाडीत घालून रस्त्यावर फार तर दोन टन ओढील, पण तोच घोडा काठाने चालत पाण्यावरचे पंचवीस-तीस टन ओढतो. अट एकच, पाणी वाहता कामा नये. तेथे पाणी थांबवून ठेवतात आणि माल हलतो. आपल्या पाटात मालच पाणी आहे. ते थांबले तर पाट कशासाठी?

दोन्ही कामे एकाच कालव्यात करायचा प्रयत्न झालेला आहे. प्रोबी कॉटलीने बांधलेला आणि १८५४ साली सुरू झालेला गंगा कालवा सिंचन आणि नौकानयन या दोन्हींसाठी होता. त्यात लॉकही होते. पण उतार थोडा जास्त ठेवला गेला होता. पाणी वेगाने वाहून तळ खणू लागले आणि प्रवाहाविरुद्ध बोटी ओढून आणणे जिकिरीचे झाले. बोटीला हवे ते शेताला नको आणि शेताला हवे ते बोटीला नको, अशी ही ओढाताण आहे. आर्थर कॉटन या इंजिनिअराने हिंदुस्थानात रेल्वेऐवजी नौकानयनाचे कालवे काढावेत म्हणून पुष्कळ वाद घातला. खानदेशात तो वाद उभाच राहिला नाही. १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळला पोचली आणि कापसाची गाठोडी तिच्यातून मुंबईला जाऊ लागली. त्याच शतकात चाळीसगाव तालुक्यात गिरणेवर जामदा बंधाऱ्याचे डावा आणि उजवा असे दोन कालवे झाले ते शेतीसाठी. हुशार मुलीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. असल्या मोठ्या कालव्यात बोट मावेल, पण वाटेत विमोचके आहेत, लॉक नाहीत, आणि आवर्तन संपले की तळ कोरडा पडतो.

(२०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले आणि त्या यादीत तापीचेही नाव आहे. मार्च-एप्रिलमध्ये तापीच्या पात्रातून पायी गेलेल्या वाचकांनी याचा विचार वर्गात जरूर करावा. मागचे आकडे उपयोगी पडतील.)

प्रश्न सुटला असे समजून आम्ही लिंबे गोळा करत होतो, तेवढ्यात पाटकरी आप्पा आले. फडात शेतकरी स्वतः पाणी घेत नाही. पाटकरी देतो. आम्ही हौसेने त्यांना विचारले, चारीच्या तोंडाशी फळी लावून थोडा वेळ पाणी तुंबवता येईल का, मुलांना लॉक करून दाखवायचे आहे. "किती वेळ?" म्हणाले. अर्धा तास. त्यांनी खाली बोट दाखवले. "त्या चिंचेच्या पलीकडे माझं शेवटलं शेत आहे, सर. ते सकाळपासून वाट पाहत बसलेत. तुमचा अर्धा तास तिथं जाईपर्यंत दोन तास होतो." आम्ही फळी परत ठेवली.

अर्ध्या तासाचे दोन तास होतात कसे? अडवल्यावर वरचा पाट भरावा लागतो. सोडल्यावर आधी ओली झालेली पण आता उतरलेली लांबी पुन्हा भरावी लागते. भेगाळलेली काळी जमीन त्यात आपला वाटा घेते. शेवटच्या शेतापर्यंत मूळ प्रवाह पोचायला वेळ लागतो, आणि त्याची पाळी तोवर निघून जाऊ शकते. पाटावरची सगळी भांडणे याच तासांची असतात.

फडाची व्यवस्था या भांडणावरच उपाय म्हणून झाली असावी. बंधाऱ्याखालचे बागायत क्षेत्र साधारण चार फडांत वाटलेले असते. एका फडात एका वेळी एकच प्रकारचे पीक. कोणत्या फडाला या वर्षी पाणी द्यायचे आणि कोणता पडीक ठेवायचा ते गाव मिळून ठरवते. शेतकऱ्याच्या जमिनीचे तुकडे निरनिराळ्या फडांत असतात, त्यामुळे पाणी कमी असले तर झळ सगळ्यांना लागते, एकट्या शेवटच्याला नाही. एकाच पिकाचा सलग फड असल्याने पाण्याची गरजही एकाच वेळी येते, आणि ऊस एका जागी कायम न राहिल्याने जमीन चिबड होत नाही. आता वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर विजेचे पंप बसले. स्वतःची मोटर असलेल्या माणसाला पाटकऱ्याची पाळी कशाला हवी? पुष्कळ ठिकाणी फड मोडले ते असेच. हे चांगले की वाईट, ते शिबिरातल्या शिक्षकांमध्येही ठरले नाही. ज्यांची शेते पाटाच्या तोंडाशी होती त्यांचे मत एक, शेवटाला असलेल्यांचे दुसरे.

सकाळीच मुलांनी तीन लिंबांवर खुणा करून ती बंधाऱ्यापाशी सोडली होती. चार किलोमीटरांवरच्या शेवटच्या चारीपर्यंत ०.६२ च्या वेगाने पाऊणे दोन तासांच्या आसपास लागतील असे गणित त्यांनी मांडले होते. मुले तेथे जाऊन बसली. दोन तास झाले, अडीच झाले. एका मुलाने गणित पुन्हा केले, पण उत्तर तेच आले. तीन तास चाळीस मिनिटांनी दोन रेघांची खूण असलेले एक लिंबू चारीत आले. उरलेली दोन आलीच नाहीत. परत येताना मुलांनी पाट पाहत पाहत शोध घेतला, तर एक पाणकणसाच्या बेटात अडकले होते आणि तेथे पाणी जवळजवळ उभे होते. मुलांनी वहीत जागेची नोंद केली. आप्पांनी ती वही मागून घेतली, पान पाहिले आणि फावडे घेऊन त्या बाजूला निघून गेले.